नाताळचा फळांचा केक : गोडवा प्रतीक्षेचा, मद्याचा नव्हे

नोव्हेंबर महिना सरत आला की उत्तन, पाली, चौक या आपल्या किनाऱ्यावरील गावांत एकीकडे बोंबील वाळत असतात, तर दुसरीकडे घराघरांतून काचेच्या बरण्यांत मनुका, बेदाणे आणि खजूर भिजत पडलेले असतात. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु दोहोंमागील तत्त्व एकच आहे. पदार्थातील पाणी काढून घेतले, की त्यात बुरशी व जंतू वाढत नाहीत. मासळीच्या बाबतीत हे काम ऊन, वारा आणि मीठ करतात, तर फळांच्या बाबतीत ऊन आणि साखर. म्हणूनच फळांचा केक इतर केकपेक्षा अधिक दिवस टिकतो.

हा केक आपल्याकडे आला कोठून? वसई-साष्टीचा टापू १५३४ नंतर सुमारे दोन शतके पोर्तुगीज अमलाखाली होता. मात्र मनुका-मसाल्यांचा हा गडद केक आहे इंग्रजी वळणाचा. भारतातील पहिला नाताळ केक १८८३ साली केरळातील तलश्शेरी येथे माम्बल्ली बापू यांनी आपल्या बेकरीत तयार केला, असे सांगितले जाते. एका इंग्रज व्यापाऱ्याने विलायतेहून आणलेला केक त्यांच्यापुढे ठेवला आणि तसाच बनवून मागितला, अशी ती कथा आहे. पुढे न्यूऱ्या, कुलकुल आणि थाली स्वीट यांच्या शेजारी या केकनेही आपल्या ताटात मानाचे स्थान मिळवले.

केकची तयारी केव्हा सुरू करावी, याचे उत्तर उपासनेच्या पंचांगातच दडलेले आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. १९६९ च्या सुधारणेनंतर तो आगमनकाळापूर्वीच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. इंग्लंडमध्ये नेमक्या याच रविवारी नाताळच्या पुडिंगचे मिश्रण ढवळण्याची प्रथा आहे. तेथून नाताळपर्यंत चार ते पाच आठवडे मिळतात. फळे मुरण्यास आणि केक परिपक्व होण्यास एवढा अवधी पुरेसा आहे.

फळे भिजवावयाची कशासाठी? कोरडी फळे तशीच घातल्यास ती भोवतालच्या मिश्रणातील ओलावा शोषून घेतात आणि केक भुसभुशीत होतो. आधीच भिजलेली फळे उलट केकला ओलावा देतात. भाजल्यानंतरही ओलावा सर्वत्र सारखा पसरण्यास आणि दालचिनी, लवंग, जायफळ यांचा स्वाद मुरण्यास काही दिवस लागतात. म्हणून ताज्या केकपेक्षा आठवडाभर ठेवलेला केक अधिक रुचकर लागतो.

येथे एका नाजूक विषयाकडे वळणे मला कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी नाताळच्या भेटीगाठींत मी एका घरी बसलो असताना तेथे आलेल्या एका बांधवाने केकला हात लावला नाही. यजमानांनी आग्रह केला, मग थट्टा केली. ते बांधव संकोचून उठून गेले. पुढे समजले, की त्यांनी त्याच वर्षी दारू सोडली होती.

‘भट्टीत गेल्यावर रम उडूनच जाते’ असे आपण सहज म्हणतो. हे पूर्ण सत्य नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, मिश्रणात घातलेल्या मद्यार्कापैकी एक तास भाजल्यावर सुमारे २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के अंश शिल्लक राहतो. केक भाजून झाल्यावर वरून शिंपडलेली रम तर जशीच्या तशी राहते. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्या रुग्णास अल्प प्रमाणातील मद्यही अपायकारक ठरू शकते. शिवाय, नुसत्या वासानेही जुनी ओढ जागी होऊ शकते.

मग केकच करू नये काय? तसे मुळीच नाही. रमचे मुख्य काम फळे दीर्घकाळ टिकवणे हे आहे. ओलावा तर संत्र्याचा रसही देतो. फरक इतकाच, की रसात भिजवलेली फळे फ्रिजमध्येच ठेवावीत आणि दोन-तीन दिवसांत वापरावीत.

एका मध्यम केकसाठी काळ्या मनुका, सांगली-तासगावचे बेदाणे, खजूर आणि पाकवलेली संत्र्याची साल मिळून ७५० ग्रॅम फळे घ्यावीत. ती २०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात मंद आचेवर पाच मिनिटे गरम करून, निववून, भिजत ठेवावीत. नंतर २५० ग्रॅम लोणी आणि २५० ग्रॅम साखर एकत्र फेसून त्यात पाच अंडी एकेक करून घालावीत. २५० ग्रॅम मैद्यातील दोन चमचे मैदा बाजूला काढून ठेवावा. उरलेल्या मैद्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि मसाल्याची पूड चाळून तो मिश्रणात हलकेच मिसळावा. गडद रंगासाठी थोडी साखर करपवून तिचा गार केलेला पाक घालावा. फळे निथळून बाजूला ठेवलेल्या मैद्यात घोळवावीत, म्हणजे ती तळाशी बसत नाहीत. कागद लावलेल्या डब्यात १५० अंश सेल्सिअसवर दोन ते अडीच तास भाजावे. मध्यभागी खुपसलेली सळई कोरडी निघाली की केक तयार झाला असे समजावे. पूर्ण गार झाल्यावर तो गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. असा केक १५ डिसेंबरच्या सुमारास केल्यास नाताळपर्यंत उत्तम मुरतो.

आपल्या खाण्यापिण्याने बंधू अडखळत असेल तर ते वर्ज्य करणे बरे, असा बोध संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात केला आहे. ज्यांना रमचा केक करावयाचा आहे, त्यांनी तो अवश्य करावा, परंतु ताट पुढे करताना तसे सांगावे आणि शेजारी बिनमद्याचा केकही ठेवावा. कोणी ‘नको’ म्हटले, तर कारण विचारू नये. गव्हाणीतील बाळाच्या सणाला आपल्या दारी आलेला एकही पाहुणा अवघडून परत जाऊ नये, एवढीच विनंती.