दान मोजावं का? अब्जाधीशांच्या परोपकाराबद्दलचे गैरसमज

नोव्हेंबर 1971. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. संख्या नव्वद लाखांच्या घरात गेली होती. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये पीटर सिंगर नावाचा पंचविशीतला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ याच संकटावरून एक निबंध लिहीत होता. पुढच्या वर्षी तो छापून आला. युक्तिवाद साधाच होता. वाटेतल्या उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं, तर कपडे चिखलानं माखतील म्हणून कुणी तसंच पुढे जात नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर आहे, एवढ्या कारणानं आपली जबाबदारी संपते का?

या प्रश्नातून उभी राहिलेली चळवळ आज ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’, म्हणजे परिणामकारक परोपकार, या नावानं ओळखली जाते. द्यायचं ठरलंच आहे, तर तेवढ्याच पैशात जास्तीत जास्त भलं कुठे होईल ते पुराव्यानिशी शोधा, हे तिचं मूळ म्हणणं. गेल्या काही वर्षांत तिच्याबद्दल आणि एकूणच धनाढ्यांच्या दानाबद्दल इतकं उलटसुलट बोललं गेलं की हे मूळ म्हणणं बाजूला पडलं. काही गैरसमज टीकाकारांचे आहेत, काही भक्तांचे. मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

‘ही अब्जाधीशांनी काढलेली टूम आहे’

चळवळीची सुरुवात पगारदार माणसांनी केली. 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकॅस्किल या दोन तरुण तत्त्वज्ञांनी ‘गिव्हिंग व्हॉट वी कॅन’ ही संस्था काढली. तिचा संकल्प असा, की उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा देत राहायचं. त्याआधी 2007 मध्ये अमेरिकेत होल्डन कार्नोफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड या हेज फंडात नोकरी करणाऱ्या दोघांनी ‘गिव्हवेल’ सुरू केली. आपले पैसे कुणाला द्यावेत म्हणून ते संस्थांना प्रश्न विचारत होते आणि उत्तरादाखल माहितीपत्रकं येत होती. शेवटी नोकरी सोडून त्यांनी हाच उद्योग पत्करला. आज गिव्हवेलच्या शिफारशींत मलेरियाविरोधी मच्छरदाण्या, मलेरियाच्या हंगामात लहान मुलांना द्यायची प्रतिबंधक औषधं, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस असली अगदी चकचकीत नसलेली कामं आहेत.

पुढे मोठा पैसा आला तो मात्र खरोखर अब्जाधीशांचा. फेसबुकचे एक संस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झ आणि त्यांच्या पत्नी कॅरी टुना हे त्यातले प्रमुख. तेव्हा हा गैरसमज जन्माबाबत चुकीचा आणि वाढीबाबत बराचसा बरोबर आहे.

‘ऑफिसखर्च कमी, म्हणजे संस्था चांगली’

आपल्याकडे हा समज पक्का आहे. ‘तुमचा प्रत्येक रुपया थेट गरजूंपर्यंत’ असं पत्रकावर छापलं की देणगीदाराला बरं वाटतं. पण तो रुपया पोहोचून तिथे काय झालं?

दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’ची गोष्ट यासाठी मुळातून पाहण्यासारखी आहे. मुलं गोल चक्रावर खेळणार, चक्राबरोबर पंप फिरणार, पाणी टाकीत चढणार. कल्पना इतकी लोभस, की 2006 मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली आणि व्यासपीठावर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश होत्या. एका पंपाची किंमत सुमारे 14,000 डॉलर, साध्या हातपंपाच्या कित्येक पट. प्रत्यक्षात मुलं थोड्या वेळात दमायची, कंटाळायची आणि मग ते चक्र गावातल्या बायका ढकलायच्या. ज्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचा होता, त्यांच्याच हाती चक्र आलं. 2009 मध्ये ‘द गार्डियन’नं हिशोब मांडला: ठरलेल्या उद्दिष्टाइतकं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल.

अशा योजनेत ऑफिसखर्च शून्य असता तरी काय फरक पडला असता? उलट योजना गावात नेण्याआधी कुणी हाताखाली दोन माणसं ठेवून ती नीट तपासली असती, तर तो खर्च ताळेबंदात ‘प्रशासकीय’ म्हणून दिसला असता आणि देणगीदारांनी नाक मुरडलं असतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रमुख मूल्यमापन संस्थांनी एकत्र खुलं पत्र काढून देणगीदारांना सांगितलं, की फक्त प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. त्यातली एक, ‘चॅरिटी नॅव्हिगेटर’, स्वतःच असे टक्के पाहून तारांकनं देण्यासाठी प्रसिद्ध होती.

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही, रोख दिली तर दारूत जाते’

हे वाक्य चहाच्या टपरीपासून अर्थसंकल्पावरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. सुदैवानं ते तपासता येतं आणि तपासलं गेलं आहे.

जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा या अर्थतज्ज्ञांनी केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या दिल्या, काही दवाखान्यांत फुकट, काही ठिकाणी थोडी किंमत घेऊन. किंमत शून्यावरून 60 सेंट केल्यावर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण 60 टक्के-अंकांनी घसरलं. आणि फुकट मिळालेली मच्छरदाणी विकत घेतलेल्या मच्छरदाणीइतकीच वापरली गेली. दारूचं म्हणाल, तर जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी रोख मदतीचे वेगवेगळ्या देशांतले 19 अभ्यास एकत्र करून पाहिले. रोख मिळाल्यानं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत असल्याचं त्यांना दिसलं नाही.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग त्याहून बोलका आहे. नियमित लसीकरण शिबिरं नव्हती त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्के होती. शिबिरं ठरल्या दिवशी भरू लागली तिथे 18 टक्के. शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी स्टीलच्या थाळ्या मिळाल्या तिथे 39 टक्के. लसीवर लोकांचा विश्वास नाही, असा निष्कर्ष काढून मोकळं होणं सोपं होतं. खरी अडचण मजुरी बुडण्याची आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ची होती. हा प्रयोग करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. वर्तमानपत्रांनी तेव्हा या नात्यावर रकाने भरले, डाळीच्या प्रयोगाला त्यामानानं कमी जागा मिळाली.

‘करुणेचा हिशोब मांडणं हा पाश्चात्त्य कोरडेपणा’

मोजमाप म्हटलं की मन नाही, असं आपल्याला वाटतं. या समजाचं सर्वांत चांगलं उत्तर ऑक्सफर्डमध्ये नाही, गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. नवजात बाळं मरत होती आणि दवाखाना दूर होता. वैद्यकशास्त्राचं तेव्हाचं उत्तर एकच: बाळाला दवाखान्यात न्या. बंग दांपत्यानं प्रश्न उलटा केला, की बाळ दवाखान्यात जात नसेल तर उपचार घरी का जाऊ नयेत? गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. यातलं इंजेक्शन अनेक डॉक्टरांना धाडसाचं वाटणारं होतं.

पण त्यांनी केवळ सेवा केली नाही, मोजलंही. 39 गावांत ही सेवा दिली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. जन्म आणि मृत्यूच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्युदरात तुलनेनं 62 टक्के घट, दर बाळामागे खर्च सुमारे 5.3 डॉलर आणि सरासरी 18 बाळांची काळजी घेतल्यावर एक मृत्यू टळलेला. पुढे 2011 पासून देशभरातल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात घरोघरची नवजात बालसेवा आली, ती याच पुराव्याच्या बळावर. नुसत्या कळवळ्याच्या भाषणावर सरकारचं धोरण हललं असतं, असं मला वाटत नाही.

‘बँकमन-फ्राइडनं सगळं उघडं पाडलं’

आता अवघड भाग. भरपूर कमवा आणि दान करा, असा एक सल्ला या चळवळीत सुरुवातीला जोरात होता. सॅम बँकमन-फ्राइड या तरुणाला तो मॅकॅस्किल यांच्याकडूनच मिळाला. त्यानं ‘एफटीएक्स’ हा क्रिप्टो बाजार काढला, अब्जावधी कमावले, दानाच्या घोषणा केल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स कोसळलं. ग्राहकांचे पैसे वापरल्याचं सिद्ध झालं आणि मार्च 2024 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली. चळवळीच्या मध्यवर्ती संस्थेला त्याच्याकडून आलेले सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर परत करावे लागले.

यावरून मच्छरदाणीनं मलेरिया टळत नाही असं सिद्ध होत नाही; मच्छरदाण्यांमुळे बालमृत्यू सुमारे 17 टक्क्यांनी घटतात, हे बँकमन-फ्राइडच्या जन्माच्या आसपासच्या काळातल्या चाचण्यांवरूनच दिसलं होतं. पण चळवळीची सुटकाही एवढ्यानं होत नाही. जिथे प्रत्येक डॉलरनं किती जीव वाचले याचा हिशोब होतो, तिथे तो डॉलर आला कुठून हा रकाना कोराच होता. ऑक्सफर्डजवळ सुमारे दीड कोटी पौंडांना एक जुना वाडा परिषदांसाठी विकत घेतला गेला, तेव्हाही मोजणाऱ्यांनी स्वतःला मोजलं नाही.

पैसा आला कुठून, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. त्याच वर्षी खुल्या झालेल्या माहीम कॉजवेसाठी त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले, तेही टोल घ्यायचा नाही या अटीवर. (आजच्या टोलनाक्यांवर ही अट आठवावी अशीच आहे.) जमशेटजींची संपत्ती चीनशी झालेल्या व्यापारातून आली आणि त्यात कापसाबरोबर माळव्याची अफू मोठी होती. जे. जे.मध्ये बऱ्या झालेल्या लाखो रुग्णांमुळे चीनमधल्या अफूबाजांचे संसार सावरले नाहीत. आणि अफूमुळे रुग्णालयाचं काम खोटंही ठरत नाही. दान हे कमाईवरचं प्रायश्चित्त मानलं की दोन्ही बाजूंचा हिशोब बिघडतो. दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि दोन्ही वाचाव्यात.

‘संकल्प जाहीर केला, म्हणजे दान झालं’

2010 मध्ये वॉरन बफे, बिल आणि मेलिंडा गेट्स यांनी ‘गिव्हिंग प्लेज’ सुरू केली. आपल्या संपत्तीचा निम्म्याहून अधिक भाग जिवंतपणी किंवा मृत्युपत्रानं देण्याचं हे वचन. भारतातून अझीम प्रेमजींनी ते पहिल्यांदा दिलं. मात्र ते कायद्यानं बंधनकारक नाही आणि मुदतही नाही. सह्या करणाऱ्या बऱ्याच जणांची संपत्ती दानाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं वाढत राहिली.

याउलट ड्यूटी फ्री दुकानांचे एक संस्थापक चक फीनी. 1984 मध्ये त्यांनी आपली जवळपास सगळी मालकी गुपचूप दानसंस्थेच्या नावे केली. 1997 पर्यंत जगाला पत्ता नव्हता. सुमारे 8 अब्ज डॉलर वाटून 2020 मध्ये संस्था बंद केली आणि स्वतः भाड्याच्या घरात राहिले. बिल गेट्स यांनीही 2025 मध्ये जाहीर केलं, की त्यांची संस्था 31 डिसेंबर 2045 ला बंद होईल. मुदत असलेलं वचन तपासता येतं.

आपल्याकडे यात आणखी एक गल्लत होते. कंपनीनं सीएसआरमधून शाळेला बाकं दिली की फलकावर मालकाचे आभार मानतात. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणं हे 2013 च्या कंपनी कायद्यानं लावलेलं कर्तव्य आहे. पैसा भागधारकांचा, सक्ती कायद्याची.

‘मोजता येतं तेच चांगलं’

हा गैरसमज खुद्द चळवळीतल्या काहींचा. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप असा, की बाहेरून आलेली मदत सरकारला जनतेपुढे जबाब देण्यापासून सोडवते. आणि जबाबदार सरकार किती किमतीचं, ते कुठल्याही चाचणीत बसत नाही. संशोधनाचंही तसंच. होमी भाभांनी 1944 मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून भौतिकशास्त्राच्या संस्थेसाठी पैसे मागितले, तेव्हा दर रुपयामागे किती जीव वाचतील हे कुणी सांगू शकलं नसतं. ती संस्था, म्हणजे टीआयएफआर, तरीही उभी राहिली.

तरी मोजण्याचा एक गुण मला कुठल्याही टीकेपेक्षा मोलाचा वाटतो: त्यानं चूक कबूल करता येते. बांगलादेशात, रंगपूरच्या बाजूला, पिकांच्या मधल्या उपासमारीच्या महिन्यांत मजुरांना शहरात कामाला जाण्यासाठी प्रवासखर्च देणारी एक योजना होती. सुरुवातीच्या चाचण्यांत निकाल उत्तम होते आणि 2017 मध्ये गिव्हवेलनं तिला सर्वोच्च शिफारशींच्या यादीत घातलं. योजना मोठी केल्यावर परिणाम दिसेना. चालवणाऱ्या ‘एव्हिडन्स ॲक्शन’ संस्थेनं 2019 मध्ये ती स्वतःहून बंद केली, कारणं जाहीर केली.

पुढच्या वेळी देणगी मागायला कुणी आलं, तर करसवलतीची पावती मिळेल का हे जरूर विचारा. त्याबरोबर एवढंही विचारा, की उपयोग होत नाही असं दिसल्यावर तुम्ही आजवर कोणतं काम बंद केलंत?