आभार कोणाचे आणि कशासाठी? ब्रिटनच्या कोविड चौकशीतून एक पाठ



शाळेच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झालं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच. मुलं चुळबुळ करतात, मागच्या रांगा उठू लागतात. कारण आपण आभार म्हणजे नावांची यादी करून टाकली आहे. खरे आभार कसे असतात, हे मुलांना दाखवायचं असेल तर ब्रिटनमधील कोविड चौकशीचं उदाहरण उपयोगी पडेल.

ही चौकशी म्हणजे काय?

कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं दगावली. सरकारची तयारी कशी होती, निर्णय कधी आणि कसे घेतले गेले, हे तपासण्यासाठी जून २०२२ मध्ये तिथे सार्वजनिक चौकशी रीतसर सुरू झाली. निवृत्त न्यायाधीश बॅरोनेस हेदर हॅलेट तिच्या अध्यक्षा आहेत. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: चौकशी म्हणजे खटला नव्हे. ती कुणाला शिक्षा देत नाही. मात्र ती कागदपत्रं मागवू शकते, साक्षीला बोलावू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाही दोन दिवस शपथेवर प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली.

मग आभार कोणाचे?

पहिले आभार, ज्यांनी आपली माणसं गमावली त्यांचे. चौकशी व्हावी म्हणून याच कुटुंबांनी आग्रह धरला होता. लंडनमध्ये संसदेसमोर, थेम्स नदीच्या पलीकडच्या काठावर एक लांबलचक भिंत आहे. मार्च २०२१ पासून या कुटुंबांनी आणि स्वयंसेवकांनी तिच्यावर लाल बदाम रंगवले. एका माणसासाठी एक बदाम. चौकशीतही सुनावणीच्या आरंभी अशा कुटुंबांच्या आठवणींची चित्रफीत दाखवली जाई. म्हणजे आधी माणसं, मग कागद!

दुसरे आभार, ज्यांचं नाव कुठेही छापून येत नाही अशा लोकांचे. ज्यांना सुनावणीत बोलावलं नव्हतं, त्यांनाही आपला अनुभव सांगता यावा म्हणून चौकशीने वेगळी सोय केली. ५८ हजारांहून जास्त लोकांनी आपली गोष्ट सांगितली. परिचारिका, दुकानदार, घरात एकटे पडलेले वृद्ध. मुलांचंही ऐकलं गेलं बरं का! ९ ते २२ वयोगटातल्या ६०० मुलांशी आणि तरुणांशी संशोधकांनी बोलून घेतलं.

तिसरे आभार, साक्षीदारांचे. यात डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते आणि ज्यांचे निर्णय चुकले असे अधिकारीही होते. इथे मुलं हमखास विचारतील, "सर, ज्यांचं चुकलं त्यांचे पण आभार?" प्रश्न अगदी रास्त आहे. आभार मानणं म्हणजे चूक माफ करणं नव्हे. शपथेवर येऊन जे घडलं ते सांगितलं, तेवढ्यापुरतेच ते आभार. चुकीची नोंद अहवालात राहतेच. जुलै २०२४ मध्ये आलेल्या पहिल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की देशाने तयारी केली होती ती चुकीच्या साथीची, म्हणजे फ्लूची.

आभार शब्दांत संपत नाहीत

दुःख पुन्हा उकरून सांगणं सोपं नसतं. मग सांगणाऱ्याला नुसतं "धन्यवाद" पुरेल का? त्याच अहवालात १० शिफारशी आहेत. त्यातली एक अशी की, साथ आली तर काय करायचं याची देशव्यापी रंगीत तालीम किमान दर तीन वर्षांनी घ्यावी आणि त्यातून काय शिकलो ते लोकांसमोर मांडावं. अशा शिफारशी अमलात आल्या तर ते आभार खरे. अहवाल कपाटात पडून राहिला तर ते आभार तोंडदेखले.

वर्गात काय करता येईल?

मुलांना तीन ओळींचं आभारपत्र लिहायला सांगा. पहिल्या ओळीत, समोरच्याने नेमकं काय केलं. दुसरीत, ते करताना त्याला काय सोसावं लागलं. तिसरीत, आता मी काय करणार. पत्र आजीला असो, सफाई करणाऱ्या मावशींना असो, की "सर, तुमचं गणित चुकलं" असं धीटपणे सांगणाऱ्या वर्गमित्राला असो.

पालकहो, घरी एवढं करून बघा. मूल स्वतःहून येऊन म्हणालं, "आई, कप माझ्याकडून फुटला," तर रागावण्याआधी म्हणा, "खरं सांगितलंस, बरं केलंस." मग काचा दोघांनी मिळून गोळा करा. खरं सांगणाऱ्याचे आभार मानायची सवय घरातच लागते.