पापाचा भार कोण उचलील?

वाल्या कोळ्याचे आख्यान आम्ही गंगाखेडास व भोवतालच्या गावी आजवर कितीदा लाविले असेल! पापात वाटेकरी होण्यास बायकामुले नकार देतात, तेथे श्रोतृवृंद स्तब्ध होतो. आख्यान आटोपल्यावर मात्र एखादी वृद्ध माउली हळूच पुसते, “महाराज, मग दुसऱ्याचे पाप कोणीच उचलीत नाही का?”

याच प्रश्नाशी इब्री संदेष्टे झगडले आहेत. त्यांचे शास्त्र मराठी कीर्तनास परके नाही. कोकणातून मुंबईस आलेल्या बेने इस्रायल समाजाने १८८० च्या दशकात आपली कीर्तनपद्धती स्वीकारून त्या शास्त्रातील आख्याने मराठीत गाइली.

इब्रीत ‘नासा’ असा धातू आहे. (संस्कृतज्ञांनी येथे नाक आठवू नये!) अर्थ, उचलणे, वाहणे. पापी ‘पाप वाहतो’ म्हणजे त्याचे फळ भोगतो. परंतु देव ‘पाप वाहतो’ म्हणजे क्षमा करतो. शब्द तोच. आम्हांस याचे नवल वाटले नाही. आपल्या ‘क्षम्’ धातूचा अर्थही धातुपाठात ‘सहन’ असाच दिला आहे, आणि सारे सोसणाऱ्या पृथ्वीस आपण क्षमा म्हणतो. क्षमा करणाराच भार सोसतो, हे दोन्ही भाषांस ठाऊक होते.

बाबेलच्या बंदिवासातील यहेज्केल संदेष्ट्यास आज्ञा झाली, की ३९० दिवस डाव्या कुशीवर निजून इस्राएलाचे पाप वाहा, मग ४० दिवस उजव्या कुशीवर यहूदाचे. मोजून मापून अन्न, मोजून पाणी. पण त्याच्या निजण्याने त्यांचे पाप फिटले, असे ग्रंथ म्हणत नाही. ती केवळ खूण होती. पुढे अठराव्या अध्यायात तोच सांगतो, की बापाचे पाप पुत्र वाहणार नाही. हा तर वाल्याच्या घरचाच निवाडा!

यशयाच्या ५३ व्या अध्यायात मात्र एक तुच्छ लेखिलेला सेवक पुष्कळांचे पाप वाहतो. तेथे ‘नासा’बरोबर ‘साबल’ हा दुसरा धातू येतो. तो हमालाच्या पाठीवरील ओझ्याचा आहे. हा सेवक कोण? रशीसारखे यहुदी भाष्यकार म्हणतात, दुःख भोगणारे इस्राएल राष्ट्रच. ख्रिस्ती म्हणतात, येशू. हा वाद आमच्याने मिटणारा नव्हे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पाहणाऱ्यांचे बोलणे: हा आपल्याच कर्माने मार खातो, असे आधी समजलो, ओझे आमचे होते, हे मागाहून उमगले. दुसऱ्याच्या दुःखास त्याचे प्रारब्ध म्हणून मोकळे होणाऱ्या आपणां सर्वांस हे वाक्य झोंबावयास हवे.

भाद्रपद वा आश्विनाच्या शुद्ध दशमीच्या सुमारास यहुद्यांचा योम किप्पुर येतो. बेने इस्रायल त्यास दारफळणीचा सण म्हणत. त्या उपवासाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मीखा संदेष्ट्याची शेवटची वचने वाचतात. त्यांत पाप ‘वाहणारा’ स्वतः देव आहे, आणि तो ते समुद्राच्या तळाशी टाकतो.