‘क्वांटम’ तपासणी: खरी कोणती, खोटी कोणती?

तळहातात कांडी धरा आणि मिनिटाभरात यकृत, मूत्रपिंड, हृदय सगळ्यांचा अहवाल घ्या, असे सांगणारी ‘क्वांटम’ यंत्रे गावोगावच्या शिबिरांत दिसतात. धरणगावात असे छापील अहवाल घेऊन रुग्ण आमच्याकडेही येतात. म्हणून खरे क्वांटम मोजमाप कसे होते, ते पाहू.

आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्याने चुंबकीय क्षेत्र मोजतो. हा जळगावच्या सराफ बाजारातला हिरा नव्हे. यात काही ठिकाणी कार्बनच्या अणूऐवजी नायट्रोजन असतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. हिरवा प्रकाश टाकला की हा हिरा लाल चमकतो. सोबत २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी दिल्या, तर ठरावीक वारंवारतेला चमक किंचित घटते. चुंबकीय क्षेत्र बदलले की ही वारंवारता सरकते. त्यावरून क्षेत्र कळते.

पण एका मोजणीवर विसंबता येत नाही. दर वेळी निकाल थोडा वेगळा येतो आणि मोजण्यानेच ती अवस्था बदलते. म्हणून असंख्य वेळा मोजून सरासरी काढतात. मूळ सिग्नलच बदलत असेल, तर मात्र पंचाईत होते. जास्त वेळ सरासरी घेतली की गोंगाटाबरोबर बदलही पुसला जातो. कमी वेळ घेतली, तर बदल गोंगाटात हरवतो. यावर एक उपाय म्हणजे आधीचा अंदाज प्रत्येक नव्या मोजणीने थोडाथोडा सुधारत जाणे. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत हीच. साहा यांच्या गटाने २०२२ मध्ये सेकंदापेक्षा कमी वेळात बदलणारे क्षेत्र टिपल्याचे प्रसिद्ध केले.

ईसीजीतही हीच कसरत असते. रेषा स्वच्छ दिसावी म्हणून मॉनिटरवर फिल्टर असतो, पण त्याने ‘एसटी’ भागाचा आकार बदलू शकतो. हृदयविकाराच्या झटक्याची खूण तर आम्ही तिथेच शोधतो. म्हणून छातीत दुखत असेल तर मॉनिटरवर न थांबता बारा लीडचा ईसीजी काढतात.

हृदयाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढे असते. ते मोजायला सहसा चुंबकीय कवचाची खोली लागते. शिबिरातल्या टेबलावर, हातातल्या कांडीने ते होत नाही, आणि यकृताचा आजार तर मुळीच कळत नाही.

तेव्हा असा अहवाल वाचून चालू औषधे बंद करू नका. साखर रक्तात तपासा. छातीत दुखले तर थेट दवाखाना गाठा.