खोल समुद्राचे पाहुणे किनाऱ्यावर

जून-जुलैत दोन-तीन दिवस पश्चिमेचा वारा धरून राहिला, की कोकणात कुठेतरी एखादा अनोळखी पक्षी वाळूवर बसलेला सापडतो. बदकाहून मोठा, पांढराशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, चोच पिवळट आणि तिच्याभोवती काळा मुखवटा. माणसं जवळ गेली तरी उडत नाही. कुत्री भुंकतात, पोरं मोबाइल काढतात आणि कुणीतरी त्याला ‘परदेशी बगळा’ ठरवून मोकळं होतं.

हा मास्क्ड बूबी. ओमान आणि सोकोत्राजवळच्या बेटांवर त्याची वीण होते आणि बाकीचं आयुष्य समुद्रावर जातं. उंचावरून सूर मारून मासा पकडायचा, ही त्याची रीत. खवळलेल्या पाण्यात ते जमत नाही. त्यात अननुभवी पिल्लांची उपासमार आधी होते. वारा लोटेल तिकडे जात अंगातलं बळ संपलं, की तो जमिनीला लागतो.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलची गोष्ट याहून नवलाची. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, काळपट अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. वीण अंटार्क्टिकाच्या परिसरात. तिकडे हिवाळा लागला, की हा चिमुकला जीव आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रावर हजर. इथे येणं हा त्याचा नेमच आहे. किनाऱ्यावर दिसला, तर मात्र वाट चुकला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या होड्या वर ओढलेल्या असतात. १ जूनपासून किमान दोन महिने मासेमारी बंद. त्याला पाहू शकले असते ते डोळेच किनाऱ्यावर. एकोणिसाव्या शतकातले पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम लक्षद्वीप आणि वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत गेले तेही १८७५च्या सुरुवातीला, समुद्र शांत असताना. तेव्हा पक्ष्यांच्या यादीतला ‘दुर्मिळ’ हा शेरा पुष्कळदा पक्ष्यापेक्षा आपल्याबद्दलच जास्त सांगतो, असं मला वाटतं.

सूटी टर्न हा सुरयांपैकी एक. लक्षद्वीपच्या पक्षीपिट्टी बेटावर तो वीण करतो. घरटं सोडलेलं पिल्लू पुढची काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. पिसं भिजतात म्हणून पाण्यावरही फार टेकत नाही. ‘निसर्ग’ (२०२०) किंवा ‘तौक्ते’सारखं (२०२१) वादळ येऊन गेलं, की किनाऱ्याबरोबर घाटावरच्या धरणांवरही नजर टाकावी ती अशा पक्ष्यांसाठी. फोटोत पंखांची खालची बाजू, चोच आणि शेपटीचं मूळ आलं पाहिजे, नाहीतर ओळख पटवताना जाणकारांत नुसती वादावादी होते.

पक्षी जिवंत सापडला, तर उपकार म्हणून लाटांत फेकू नये, चोचीत पाणी ओतू नये. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. बूबी असेल तर उचलताना आपले डोळे जपावेत. दमलेला असला तरी चोच चालवायला तो कमी करत नाही.