मान्यताप्राप्त यादी आणि न वाचलेले निबंध

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले. बातमी लहान होती, बहुतेकांच्या नजरेतून सुटली असेल. पण ज्या घरात कोणी पीएच.डी. करत आहे किंवा पदोन्नतीची वाट पाहणारा प्राध्यापक आहे, तिथे तिच्यावर बरीच चर्चा झाली. कोणत्या नियतकालिकात छापलेला संशोधननिबंध ग्राह्य धरायचा, हे सांगणारी ही यादी होती. तिचे काम पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. म्हणजे संशोधनातील लबाडी रोखण्याचा देशातला एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आणि गुंडाळलाही गेला. तो का करावा लागला आणि त्यातून काय निसटले, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे. मी कोणत्याही विद्यापीठात नोकरीला नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत राहून विणकरांचा आणि गिरणी कामगारांचा इतिहास गोळा करतो, तेवढाच या विषयाशी माझा संबंध. पण तो संबंध अंगावर आलेला आहे, ते पुढे येईलच.

आधी शब्द नीट लावून घेऊ. संशोधनातील गैरवर्तन म्हटले की आपल्याकडे वाङ्मयचौर्य हा एकच शब्द आठवतो. जगभरच्या नियमावल्या मात्र तीन गोष्टी वेगळ्या धरतात. न केलेल्या प्रयोगाची किंवा न घेतलेल्या मुलाखतीची माहिती रचणे, मिळालेल्या माहितीत सोयीप्रमाणे फेरफार करणे, आणि दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना श्रेय न देता आपल्या नावावर खपवणे. तिसरी गोष्ट पकडायला सोपी, म्हणून तिच्याविषयी सर्वाधिक बोलले जाते. पहिल्या दोन अधिक घातक आहेत. चोरलेले वाक्य निदान खरे तरी असू शकते.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांचे प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे जीवाश्मांवर निबंध छापले, अनेक नामवंत सहलेखकांसह छापले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की यातले अनेक नमुने हिमालयातले असूच शकत नाहीत, काही तर मोरोक्कोतून येणाऱ्या, बाजारात विकत मिळणाऱ्या नमुन्यांसारखे आहेत. हिमालयाच्या भूशास्त्रावरचे किती लेखन यामुळे संशयास्पद ठरले, याची कल्पना करावी. आणि गंमत अशी, की गुप्तांचे निबंध आजच्या वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून घातले असते तर खोट्या सापडजागेबद्दल त्याने चकार शब्द काढला नसता. खोटी होती ती जागा.

आता यादीकडे येऊ. २००९ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध छापलेला असणे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सक्तीचे केले. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आली. एपीआय हा शब्द तेव्हापासून महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये चहाइतका रुळला. हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षे एक ओळ न लिहिणारे प्राध्यापक होतेच. पण निबंधाला गुण देणारा तो निबंध वाचत नव्हता, मोजत होता. मोजायचेच असेल तर माल पुरवणारे उभे राहतातच.

तसे ते राहिले. फिनलंडमधील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये जगभरच्या अशा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा अंदाज काढला. २०१० मध्ये त्यांतून सुमारे ५३ हजार लेख निघाले होते, २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजार. यातले सुमारे २७ टक्के प्रकाशक भारतातले आणि लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतीय. इंग्रजीत त्यांना ‘प्रिडेटरी’ म्हणजे शिकारी नियतकालिके म्हणतात. मला हा शब्द अर्धाच पटतो. सावज स्वतःहून पैसे घेऊन दाराशी येते, तिथे शिकार कसली? २०१७ साली आमच्या गल्लीतली एक मुलगी मोबाइलवरचा संदेश दाखवायला आली होती: अठ्ठेचाळीस तासांत निबंध छापून मिळेल, आयएसएसएन क्रमांकासह, फी अमुक. “काका, यादीत आहे हो हे,” ती म्हणाली. आणि ते खरोखरच यादीत होते.

कारण त्या वर्षीच्या जानेवारीत आयोगाने ‘मान्यताप्राप्त’ नियतकालिकांची पहिली मोठी यादी जाहीर केली होती, ३८ हजारांहून अधिक नावांची. तिच्यातली काही हजार नावे खुद्द विद्यापीठांनी सुचवलेली होती. पुण्याचे भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागाची तपासणी केली. त्यांचा निबंध मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. मोठ्या आंतरराष्ट्रीय सूच्यांमध्ये नसलेली १००९ नियतकालिके त्यांनी एकेक करून पाहिली. पत्ता खरा आहे का, संपादकांची नावे दिली आहेत का, आयएसएसएन बरोबर आहे का, इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा तर नाही? एवढे साधे प्रश्न. ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके त्यांतच गळाली. कसोटीला उतरली फक्त ११२. मे २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ नावे यादीतून काढली. पटवर्धन तेव्हा आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि त्या वर्षाअखेरीस ‘केअर’ची घोषणा झाली.

या तपासणीत मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट आकड्यांत नाही. गाळली गेलेली नावे विद्यापीठांच्या तज्ज्ञांकडूनच आली होती. त्यांनी ती नियतकालिके उघडून पाहिली नव्हती, किंवा पाहूनही पाठवली होती. यातले कोणते अधिक वाईट, हे वाचकाने ठरवावे. आमच्या पेठेतला जुना कारखानदार सुताच्या गठ्ठ्यावरचा नंबर वाचून पैसे देत नसे. वीस नंबरचे सूत म्हणजे ८४० यार्डांच्या वीस लडी मिळून एक पौंड. तो लडी काढून वजन करी. पुण्याच्या मंडळींनी केले ते हेच वजन करणे, आणि त्यासाठी कोणतेही मोठे यंत्र लागले नाही.

त्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियमही आले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर विद्यार्थ्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचे. चाळीस ते साठपर्यंत वर्षभर प्रबंध सादर करण्यास बंदी, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. प्राध्यापकांसाठी वेतनवाढ रोखणे, काही वर्षे मार्गदर्शनास बंदी असे वेगळे दंड. नियम नव्हते त्यापेक्षा हे कितीतरी बरे. परंतु टक्का हा पुन्हा गठ्ठ्यावरचा नंबरच.

माझा अनुभव सांगतो. एका वृद्ध विणकराची मुलाखत मी दोन दुपारी बसून ध्वनिमुद्रित केली होती आणि ती एका स्थानिक स्मरणिकेत छापली होती. काही वर्षांनी एका दूरच्या विद्यापीठातील प्रबंधात तीच मुलाखत सापडली, संशोधकाने स्वतः घेतलेली म्हणून. शब्द थोडे फिरवलेले. माहिती देणारे आजोबा त्या संशोधकाच्या नोंदणीच्या तारखेआधीच वारले होते, म्हणजे मुलाखतीची तारीखही रचलेली. मी पुराव्यासह लिहिले. उत्तर आले: साम्य आठ टक्के, सबब कारवाईचा प्रश्न नाही. स्मरणिका कधी संगणकावर चढलीच नव्हती, तर यंत्राला ती सापडणार कुठून? मराठीतल्या कितीतरी जुन्या पुस्तकांची, त्रैमासिकांची, गावोगावच्या अंकांची हीच स्थिती आहे. त्यांतून उचलणे आजही निर्धोक आहे. शिवाय २०१८ च्या नियमांत तक्रारीचा अधिकार ‘शैक्षणिक समुदायातील सदस्या’ला दिला आहे. महाविद्यालयाबाहेर बसून काम करणारा माणूस त्या समुदायात मोडतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मला रागापेक्षा वाईट वाटले ते आजोबांसाठी. त्यांनी जे मला सांगितले, ते त्यांनी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी आता कायमचे नोंदले गेले आहे.

‘केअर’ने काही काळ वचक बसवला, हे मान्य केले पाहिजे. पण लवकरच यादीतल्या चांगल्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी राहिली. नाव तेच, आयएसएसएन तोच, फी मात्र भलत्याच्या खात्यात. खरे कोणते आणि नकली कोणते हे दाखवणारी वेगळी यादी ‘केअर’ला करावी लागली. यादीची यादी! भारतीय भाषांतील नियतकालिकांना पुरेशी जागा नाही, नावे घालण्या-काढण्याला फार वेळ लागतो, अशी टीकाही झाली. दरम्यान २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली. माझ्या मते या सगळ्या कागदांतले हेच सर्वांत उपयोगी पाऊल, कारण त्याने गिऱ्हाईकच कमी केले.

आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर आली आहे. मार्गदर्शक कसोट्या दिल्या आहेत. त्या वापरायच्या तर कोणीतरी नियतकालिक उघडून, दोनचार निबंध वाचून, संपादकाला पत्र टाकून पाहावे लागेल. एका मार्गदर्शकाकडे एका वेळी पाच-सहा विद्यार्थी असतात. त्यांच्या मुलाखतींच्या मूळ ध्वनिफिती, प्रयोगवह्या, भरून घेतलेल्या प्रश्नावल्या त्याने मागून पाहिल्या, तर लबाडीचा मोठा भाग प्रबंध बांधायला जाण्याआधीच थांबेल. आज प्रबंधाची पीडीएफ ‘शोधगंगा’वर चढते, ती कोणालाही वाचता येते, आणि त्यामुळेच मला ती मुलाखत सापडली. तिच्यासोबत मुलाखतीची ध्वनिफीतही जमा करायची अट असती, तर त्या संशोधकाला आजोबांचा आवाज आणावा लागला असता.