टॅब्लेट संगणक : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे गाव वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे जंक्शन यांमुळे सर्वपरिचित आहे. अशा गावातील शाळेपुढे अथवा ग्रामपंचायतीपुढे टॅब्लेट संगणकाच्या खरेदीचा प्रस्ताव येतो, तेव्हा प्रश्न केवळ किमतीचा नसतो. सार्वजनिक निधीतून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहिली, तर त्याच रकमेतून होऊ शकणारे दुसरे काम बुडते. मग ते वर्गातील पंखे असोत वा ग्रंथालयाची पुस्तके. म्हणूनच या विषयाचा सांगोपांग विचार होणे अगत्याचे आहे.

दोन अनुभव

कमी किंमत म्हणजे काटकसर नव्हे, हे आपल्या देशाने अनुभवले आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा टॅब्लेट जाहीर केला. शासनाला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. परंतु त्याचा पडदा बोटाने दाबल्यावाचून प्रतिसाद देत नसे, गती मंद होती आणि बॅटरी दोन-तीन तासांत उतरत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश २’ हा सुधारित टॅब्लेट आणावा लागला.

दुसरा अनुभव मुंबईचा. दप्तराचे ओझे कमी व्हावे या हेतूने महानगरपालिकेने २०१५ मध्ये इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब्लेट दिले. पुढे २०१८ मध्ये राज्यात आठवीची पाठ्यपुस्तकेच बदलली. यंत्र सुस्थितीत असले, तरी आतील मजकूर वेळोवेळी बदलण्याची तरतूद नसेल, तर त्याचा उपयोग संपतो, हे यावरून ध्यानात येते.

काम आधी, यंत्र नंतर

प्रस्ताव तयार करताना प्रथम कामांची यादी करावी. घरोघरी फिरून पाहणी करणे, कामाच्या जागेची छायाचित्रे घेणे, चार-पाच मुलांच्या गटास चित्रफीत दाखविणे, या कामांस टॅब्लेट सोयीचा आहे. मात्र चाळीस मुलांच्या वर्गास एकाच वेळी दाखवावयाचे असेल, तर मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच अधिक उपयोगी पडतो. लांबलचक टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि डिजिटल स्वाक्षरीची कामे यांसाठी नेहमीचा संगणकच बरा. जी कामे आज हातातील मोबाईलवर होतात, केवळ त्यांसाठी वेगळे यंत्र घेण्याचे कारण नाही.

संपर्काचाही विचार हवा. गडचिरोलीच्या दुर्गम भागात मोबाईलचा संपर्क अखंड मिळेलच असे नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक व्यवस्थेतील पाठ संपर्क असताना उतरवून घेऊन नंतर त्याविना पाहता येतात. त्यासाठी यंत्रात साठवणुकीची जागा पुरेशी असावी.

ऊन आणि धूळ

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. टॅब्लेटमधील लिथियम-आयन बॅटरीस उष्णता मानवत नाही. उदाहरणार्थ, आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानातच वापरावा, अशी त्याच्या निर्मात्याची सूचना आहे. बंद मोटारीत, पत्र्याच्या खोलीत अथवा खिडकीपाशी उन्हात यंत्र ठेवू नये आणि चार्जिंग सकाळच्या थंड वेळी करावे.

खाणपट्ट्यातील बारीक धूळ चार्जिंगच्या छिद्रात साचते. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. त्यांतील पहिला धुळीपासूनचे संरक्षण दर्शवितो, दुसरा पाण्यापासूनचे. पहिला अंक ६ असल्यास धूळ आत शिरत नाही.

खरा खर्च

किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. समजा, यंत्र १२,००० रुपयांचे, आवरण व काच १,००० रुपयांची, दरमहा २५० रुपयांप्रमाणे तीन वर्षांचा इंटरनेटचा खर्च ९,००० रुपये आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले २,००० रुपये, असा हिशेब धरला, तर एकूण खर्च २४,००० रुपये होतो. महिन्यातून २० दिवस वापर झाल्यास तो दिवसास सुमारे ३३ रुपये पडतो; ४ दिवसच झाल्यास सुमारे १६७ रुपये. यंत्र तेच, पण वापरानुसार ते स्वस्त वा महाग ठरते. देणगीदाखल मिळालेल्या यंत्रासही किंमत वगळता बाकीचा खर्च चुकत नाही.

मागणी नोंदविण्यापूर्वी पुढील बाबींची खातरजमा करावी :

१. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे काय?
२. सुरक्षाविषयक सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार?
३. दुरुस्ती केंद्र चंद्रपुरात आहे की नागपुरास जावे लागेल?
४. बॅटरी बदलून मिळते काय?
५. यंत्र कोणाच्या ताब्यात राहील आणि त्यांची बदली झाल्यास कोणाकडे जाईल?
६. निकामी झालेले यंत्र ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे कसे पोहोचणार?

निर्णयापूर्वी एक सोपी कसोटी लावता येते. शक्य झाल्यास एखादा टॅब्लेट महिनाभर वापरावयास घ्यावा आणि कोणत्या दिवशी, कोणी, कोणत्या कामासाठी वापरला, याची नोंद साध्या वहीत ठेवावी. ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे अथवा ग्रामसभेपुढे मांडावी. वहीची पाने भरली असतील, तर खरेदीस सबळ आधार मिळेल. ती कोरी राहिली असतील, तर तो निधी अधिक निकडीच्या कामासाठी वापरणेच इष्ट होय.